दुसऱ्या उपकरणाबाबत

१

विषय : घरगुती दूरध्वनी जोडणी चालू ठेवणे अथवा परत करणे.
संदर्भ : कंपनीचे पत्र, चालू महिन्याच्या तीन तारखेचे, प्रत्यक्ष पोचले अकरा तारखेला.

उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने जुन्या तारेवरची फोनसेवा बंद करण्याचे ठरविले असून ग्राहकाने महिनाअखेरपर्यंत आपला पर्याय कळवावयाचा आहे. पर्याय अ : तोच क्रमांक इंटरनेटच्या डब्यावर घेणे. पर्याय ब : क्रमांक परत करणे. उत्तर न आल्यास ब गृहीत धरला जाईल.

असं टिपण मनातल्या मनात मांडल्याशिवाय जावकरावांना कुठलाही प्रश्न हातात घेता येत नसे. चौतीस वर्षं कचेरीच्या जावक विभागात काढलेली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक टाकायचा, वहीत नोंद करायची, पाकीट चिकटवायचं. खरं नाव निवृत्तीच्या कागदांपुरतं उरलं होतं. बाकी जगाला ते जावकराव.

पत्रात 'कळविण्यास आनंद होत आहे' हे शब्द तीनदा आले होते. जावकरावांचा अनुभव असा, की पत्रात एकदा आनंद झाला तर काहीतरी काढून घेतलेलं असतं. तीनदा झाला म्हणजे मुळासकट.

फोन खरं तर त्यांचा नव्हताच. तो बाईंचा. त्यांच्या बायकोनं एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, म्हणून तेही म्हणत. डावा कान गेल्यापासून तिला मोबाईल नकोसा झाला होता. "पाटीला कान लावल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. जुन्या फोनचा जड रिसीव्हर मात्र उजव्या कानाला नीट बसायचा. रोज सकाळी अकराला तिच्या धाकट्या बहिणीचा फोन येई आणि बरोबर एका तासिकेएवढं बोलणं होई. दिवसभरात बाई हसायची ती तेवढ्या वेळात.

"बाबा, टाकून द्या तो ठोकळा," मुलगी मोबाईलवरून म्हणाली. ती दूरच्या शहरात असते. "कोण वापरतं आता?"

"तुझी आई."

"आईला मी नवा मोबाईल आणते."

"आधीचे दोन कपाटात आहेत. त्यांना सोबत हवी असेल तर आण."

२

मदतकेंद्राला फोन लावून जावकराव मधल्या पॅसेजमध्ये स्टुलावर बसले. फोनचं टेबल तिथंच, पुस्तकांच्या कपाटाला लागून. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक ध्वनिमुद्रित आवाज दर मिनिटाला सांगत होता. बावीस मिनिटं त्यांचं महत्त्व वाढत गेलं आणि मग फोन कट झाला.

रिसीव्हर ठेवायचाही कंटाळा आला होता. तो तसाच कानाशी राहिला.

कट झालेल्या फोनमध्ये एकसुरी घरघर यायला हवी. ती आली नाही. शांतता आली, पण ती रिकामी नव्हती. त्या शांततेला चार भिंती होत्या. कुठंतरी बादलीत नळ ठिबकत होता. वर एक पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा कट्ट करत होता.

जावकरावांनी वर पाहिलं. थंडीचे दिवस, घरातले दोन्ही पंखे बंद.

तारा एकमेकींत गुंतल्या असणार, त्यांनी ठरवलं. जुन्या लाइनींवर होतं असं. कुणा परक्याच्या घरातला आवाज येतो, एवढंच.

"हॅलो?" ते म्हणाले.

पंखा फिरतच राहिला, नळ ठिबकतच राहिला. पण तिकडची खोली ऐकू लागली आहे, असं त्यांना स्पष्ट जाणवलं. साहेब केबिनच्या दाराआड उभा राहून कारकुनांच्या गप्पा ऐकायचा, तेव्हा मानेला जसं कळायचं तसं.

त्यांनी रिसीव्हर हळूच ठेवला. आपण हळूच का ठेवला, याचा मात्र त्यांना थोडा राग आला.

३

वायरमन ठरल्या दिवशी आला नाही, पण त्याच आठवड्यात आला, म्हणजे वेळेवरच. पन्नाशीचा, कमरेला पट्टा बांधलेला, तीन मजले चढून दमलेला. "आधी तार काढणार, मग आम्हाला," तो बूट काढता काढता म्हणाला. "पाणी द्या हो ताई."

पाणी पिऊन त्यानं तारेला चिमटे लावले, हातातल्या यंत्राकडे पाहिलं आणि विचारलं, "दुसरा कुठंय?"

"दुसरा काय?"

"फोन. या जोडणीवर दोन आहेत. एक हा."

"एकच आहे. पहिल्यापासून."

"काका, मशीन खोटं कशाला बोलेल? त्याला काय बढती पाहिजे?" त्यानं चिमटे काढून पुन्हा लावले. "दोनच. आणि दुसरा नीट ठेवलेला नाही. कुणीतरी उचलून धरलाय."

"मग ठेवून द्या म्हणावं त्याला," बाई स्वयंपाकघरातून म्हणाली.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. शोधायला किती वेळ लागणार? तार कपाटामागे गेली होती. तिथं तिला दोन फाटे फुटत होते. एक खिडकीतून बाहेर जात होता, दुसरा बोटभर भोकातून भिंतीत शिरत होता. भिंतीपलीकडे जिना. दोघं जिन्यात जाऊन पाहून आले. कोरी भिंत. वायरमननं तिच्यावर बोटानं टकटक केलं, तेव्हा आत टेबलावरच्या फोननं अर्धीच टिंग केली.

"मेलेली तार असेल," वायरमन म्हणाला. आवाजात दम नव्हता.

"मग कापून टाका."

"कापता येत नाही. आधी दोन्ही उपकरणं फॉर्मात घ्यावी लागतात."

फॉर्म दोन पानी होता. नववा रकाना, उपकरणांची संख्या. दहावा, प्रत्येक उपकरणाच्या वापरकर्त्याचं नाव.

"एक लिहितो मी."

"लिहा. मशीननं दोन पाठवलेत. अर्ज परत येणार आणि मी परत तीन मजले चढणार."

"दुसऱ्यापुढे 'लागू नाही' लिहिलं तर?"

"नाव लागतं. घरातल्याच माणसाचं. आणि एकच नाव दोन्हीकडे घेत नाही."

जावकरावांनी पेन उघडलं. रकाना मोकळा ठेवायचा नाही, हे त्यांनी नोकरीत पन्नास नव्या पोरांना दरडावून शिकवलेलं. मोकळा रकाना म्हणजे उघडं दार. मागाहून कुणीही यावं आणि काहीही भरावं. पहिल्या उपकरणापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्यापुढे बायकोचं, वळणदार अक्षरात, पूर्ण.

"बाई, तुला दुसऱ्या उपकरणावर घातलंय," त्यांनी आत हाक देऊन सांगितलं.

"असू दे. निदान कशावर तरी माझं नाव आलं."

वायरमन हसला. कागद पुरा झाला होता. पर्याय अ. जावकरावांना कितीतरी दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं.

४

बाईला सगळं मोजायची सवय. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे, गोळ्या, जिन्याच्या पायऱ्या, सगळं मोठ्यानं. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी जावकरावांना त्या मोजणीत वर्तमानपत्र सलग वाचता आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण अग्रलेख शेवटपर्यंत वाचला. हा अपघात कसा घडला म्हणून त्यांनी मान वर केली. बाई समोरच बसून आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत टाकत होती. ओठ हलत होते.

"आवाज बसलाय का गं?"

तिनं वर पाहिलं, पण जरा उशिरा. "काय?" हा शब्द शेजारच्या खोलीतून आल्यासारखा आला.

"काही नाही. मोज तू."

चौथ्या दिवशी दुपारी बाराला मेहुणीचा फोन आला, तो त्यांच्या मोबाईलवर. "भाऊजी, ताईचा कान बरा झाला की काय? आज किती छान बोलली! एकदाही 'काय, काय' म्हणाली नाही."

"कधी?"

"कधी म्हणजे? अकराला. नेहमीसारखी."

अकराला ते आणि बाई औषधाच्या दुकानात रांगेत होते. घराला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या खिशात होती.

"भाऊजी? ऐकताय ना?"

"हो, हो. छान झालं."

दुसरं काय बोलणार? खुलासा मागवायचा तर कुणाकडून?

"फक्त तक्रार करत होती," मेहुणी म्हणाली. "म्हणे, इथला पंखा फार कटकट करतो. भाऊजी, तेल घाला हो त्याला. इतका काय तो आळस!"

५

जावकराव शंकेखोर नव्हते. प्रत्येक गोष्ट पडताळून पाहणारे होते. या दोन स्वभावांत फरक आहे, असं ते पूर्वी मानत. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते स्टुलावर बसले आणि रिसीव्हर कानाला लावला.

"बाई, जरा स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत चाल बघू."

"कशाला?"

"तपासणी आहे."

"अहो, निवृत्त झालात ना तुम्ही?" पण ती चालू लागली.

तिच्या पायात रबरी चपला होत्या. त्यांची चटपट साऱ्या इमारतीला पाठ होती. खालच्या मजल्यावरचे दोनदा सांगून गेले होते. आता ती जावकरावांच्या पुढून गेली आणि काहीही वाजलं नाही. कापसावरून चालावं तशी गेली.

चटपट आली ती कानात. रिसीव्हरमध्ये. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि त्यांच्यावर बाईचा स्वच्छ, वर्गातला आवाज : एक, दोन, तीन.

सात पावलांत बाई खिडकीशी पोचली आणि थांबली. खोली तेवढीच होती. कानातली पावलं थांबली नाहीत. आठ, नऊ, दहा. जावकराव बायकोच्या पाठीकडे बघत ऐकत राहिले. अकरा. बारा. ती खिडकीशी स्थिर उभी होती, एक हात गजावर. एकोणीसला पावलं थांबली आणि तिकडं कुणीतरी पडदा सर्रकन ओढला.

"झालं?"

हे रिसीव्हरमधून आलं. खिडकीशी उभ्या बाईनं मान वळवली, आणि मग तिचे ओठ त्या शब्दापुरते हलले.

६

कंपनीच्या सेवाकेंद्रात क्रमांकाची चिठ्ठी मिळते. जावकरावांना एक्याऐंशीवा मिळाला. आत चौतीसवा चालू होता. पायांत गोळे आले. खुर्च्या होत्या, पण त्यांच्यावर आधीचे सेहेचाळीस जण बसले होते.

खिडकीपलीकडच्या मॅडम मान वर न करता बोलत होत्या. यात त्यांचं काही चुकलं असं जावकरावांना वाटलं नाही. तेही तसेच बोलत असत.

"दहाव्या रकान्यात दुरुस्ती करायची आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या उपकरणावरचं नाव काढायचं आहे."

"काढता येत नाही. रकाना मोकळा राहील."

"बरं. मग एवढं सांगा, क्रमांक डब्यावर गेला की दुसऱ्या उपकरणाचं काय होतं?"

"ते डब्यावर जात नाही. पहिलं जातं. दुसरं जुन्या तारेवर राहतं."

"आणि तार?"

"महिनाअखेर काढणार."

"मी क्रमांकच परत केला तर?"

"तरी तार काढणारच."

"तार काढली की त्या उपकरणाचं..." जावकरावांनी घसा साफ केला. "त्याच्या वापरकर्त्याचं काय होतं?"

मॅडमनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "काय होणार, काका? सेवा बंद होते."

मागच्या माणसानं खोकून आपण असल्याची जाणीव करून दिली.

"नाव बदलता तर येईल?"

"कुणाचं घालायचं?"

हे त्यांनी रांगेतच ठरवलं होतं. "माझं."

"तुम्ही पहिल्यावर आहात."

"पहिल्यावर तिला घ्या. अदलाबदल करा."

मॅडमनी एक कोरा अर्ज खिडकीतून सरकवला. जावकरावांनी तो उभ्या उभ्या भरला. शेवटी 'कारण' अशी एक ओळ होती. आयुष्यभर त्यांनी लोकांची कारणं वाचली होती. खरी कारणं त्या ओळीत कधीच मावत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी लिहिलं : नजरचुकीने.

"निर्णय कधी लागेल?"

"वरून येतो. सांगता येत नाही. पण अर्ज प्रलंबित आहे तोवर तार काढत नाहीत."

"आणि मंजूर झाला की?"

"मंजूर झाला की लगेच अमलात येतो."

"नामंजूर झाला तर?"

"तर आहे तसंच राहील, आणि तार निघेल. पुढचे कोण? ब्याऐंशी!"

जावकरावांनी दुसऱ्या पानावरची राहिलेली सही केली आणि अर्ज आत सरकवला.

७

घरी आल्यावर त्यांनी कपाटातली पुस्तकं काढून जमिनीवर रचली, कारण भरलेलं कपाट त्यांच्यानं हलणार नव्हतं. दुपारचे चार वाजले होते. बाई आतल्या खोलीत पडली होती. कपाट वीतभर सरलं, मग आणखी थोडं. जावकराव भिंतीशी गुडघे टेकून बसले. गुडघ्यांनी हरकत नोंदवली.

तार बोटभर भोकात जात होती. त्यांनी ती एका बाजूला दाबली आणि भोकाला डोळा लावला.

पलीकडे जिना असायला हवा होता. पलीकडे उजेड होता, दुपारचाच, पण पडद्यातून गाळून आलेला. समोर जे दिसत होतं ते दोन नाण्यांएवढं. टेबलाचा एक कोपरा. त्यांच्याच फोनसारख्या फोनचा तळ. आणि रिसीव्हर धरलेला एक हात, मनगटापर्यंतच.

करंगळी वाकडी होती. वर्गाचं दार मिटताना सापडली होती तीसएक वर्षांपूर्वी. ती नीट बसलीच नाही. फोनवर बोलताना बाई ती करंगळी रिसीव्हरला न लावता हवेत ठेवते. ती हवेत होती.

हाताच्या पलीकडे, खोलीत जिथं अंधार सुरू होत होता तिथं, आणखी काहीतरी होतं. उंचीनं माणसाएवढं. ते हललं नाही. ते वस्तू आहे की कुणी उभं आहे, हे ठरवायला क्षणभर लागला असता, आणि तो क्षण जावकरावांनी घेतला नाही. त्यांनी डोळा काढला.

"काय बघताय?"

बाई त्यांच्या मागं उभी होती. ती आलेली त्यांना कळली नव्हती, कळणार कशी? त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा तिचाच होता, झोपेतून उठलेला, थोडा सुजलेला. हात तिनं अंगावरच्या शालीत गुंडाळले होते.

शाल बाजूला कर, असं म्हणता आलं असतं. जी गोष्ट तपासली नाही ती नोंदवावी लागत नाही. जावकरावांनी कपाट परत सरकवलं आणि पुस्तकं लावायला घेतली. बाई एकेक पुस्तक उचलून देत राहिली, ओठ हलवत, शालीच्या आतून.

८

महिनाअखेर आली. वायरमन तार काढायला आला, यादी पाहिली, आणि "तुमचं प्रलंबित दाखवतंय" म्हणून पाणी पिऊन गेला.

पुढच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. दुसऱ्या पानावरची सही पहिल्या पानाशी जुळत नाही, तरी पंधरा दिवसांत पुन्हा सादर करावे. जावकरावांनी पत्र दोनदा वाचलं. सही त्यांनी मुद्दामच वेगळी केली होती. पंधराव्या दिवशी, संध्याकाळी खिडकी बंद व्हायच्या आत, त्यांनी नवा अर्ज दिला. त्यात जोडणीचा क्रमांक एका अंकानं चुकवला होता. ज्या माणसाच्या टेबलावर चौतीस वर्षांत एक कागद दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला नाही, तो आता एकच कागद थोपवून धरण्यात सगळी हुशारी खर्च करत होता. मंजूर झाला तर ते जाणार, नामंजूर झाला तर ती. दोघं मिळून असण्याची जागा मधेच होती, आणि ती पंधरा-पंधरा दिवसांची होती.

"आई हल्ली बोलत का नाही?" मुलगी मोबाईलवर विचारते. "आणि तो ठोकळा गेला की नाही अजून?"

"प्रकरण विचाराधीन आहे."

"बाबा, घरात तरी माणसासारखं बोला हो!"

खुर्चीत बसवलं तर बाई बसते. चहा हातात दिला तर पिते, निवल्यावर. जावकराव तिच्या शेजारी स्टुलावर बसून रिसीव्हर उचलतात आणि तिच्याशी बोलतात. भाजीवाला काय म्हणाला, खालच्यांनी काय भांडण काढलं, सगळं. ती हसते. हसू कानात येतं, आणि थोड्या वेळानं शेजारच्या चेहऱ्यावर.

"ताईचं बरं चाललंय ना तिथं?" असं मेहुणीनं विचारलं होतं. तिथं. तिनं सहज विचारलं होतं.

परवा बाई म्हणाली, "अहो, इथं कुणीतरी एक खुर्ची मांडलीय. माझ्या शेजारी."

"कुणी?"

"दिसत नाही ना कुणी. पण पावलं मोजते तेव्हा एक जास्त येतं." मग, वर्गात एखाद्याला उत्तर येत नसलं की ती आवाज खाली आणायची तशी : "तुमची म्हणून मांडली असेल. येताय का?"

जावकरावांना फार थकवा आला होता. ते म्हणाले, "बघू. कागद वर गेलाय."

अर्ज तिसऱ्यांदा सादर केल्याची पोच मिळाली आहे. दुरुस्ती : रकाना दहा, वापरकर्त्यांची अदलाबदल. यावेळी त्यांनी सही जुळवली आहे आणि क्रमांकही बरोबर लिहिला आहे. निर्णय कळविण्यात आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.